एमए कुठून करू? टिस, पुणे, जेएनयू आणि बाबांचं "समाजसेवेला डिग्री कशाला"

पत्र:
ताई, मी टीवायबीएला आहे, विषय समाजशास्त्र, औसा तालुक्यातलं गाव, सगळं शिक्षण मराठीतून. एसवायला ६६ टक्के होते. पुढे एमए करायचंय पण कुठून ते कळत नाहीये. वहीत तक्ता केलाय, टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), पुणे, मुंबई, जेएनयू, हैद्राबाद, त्यात फी, रँक, हॉस्टेल, प्रवेश परीक्षा सगळं लिहिलंय (फोटो जोडलाय). जितकं लिहिते तितकं जास्त गोंधळायला होतं. बाबा म्हणतात समाजसेवाच करायचीय तर डिग्री कशाला, बीएड कर नाहीतर एमपीएससीला बस. इंग्रजीची पण भीती वाटते. आम्ही ओबीसी, शेती ४ एकर. (आमचं भूकंपानंतर उठवून नव्या जागी बसवलेलं गाव आहे, घरं २५०, ४०० आणि ७५० स्क्वेअर फूट अशा मापानं दिलेली, अजून पण लोक अडीचशेवाले, साडेसातशेवाले असंच म्हणतात. आमचं ४०० चं.) प्लीज सांगा, बेस्ट कोणतं?
– गोंधळलेली, जि. लातूर

अगं, तक्ता बघितला. अक्षर छान आहे, आखणी तर बँकेच्या पासबुकासारखी. पण गोंधळ कुठून सुरू झालाय ते पहिल्याच रकान्यात दिसतंय, वर लिहिलंयस "समाजशास्त्र कोर्स" आणि खाली टिसचं सोशल वर्क, पुण्याचं सोशिऑलॉजी आणि हैद्राबादचं पॉलिटिकल सायन्स एकाच माळेत ओवलंयस.

यात तुझी चूक नाही, आपल्याकडे शब्दच असे आहेत. समाजशास्त्र म्हणजे सोशिऑलॉजी, तो एक विषय. सामाजिक शास्त्रं म्हणजे सगळा गोतावळा, त्यात समाजशास्त्र आलं, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, मानसशास्त्र, मानवशास्त्र सगळे चुलतभाऊ आले. समाजकार्य म्हणजे सोशल वर्क, एमएसडब्ल्यू, ती कामाची डिग्री आहे, त्यात हॉस्पिटल, कोर्ट, वस्ती, संस्था अशा ठिकाणी जाऊन काम करायला शिकवतात. आणि चौथी समाजसेवा, तिला कुठलीच डिग्री लागत नाही, तिथे बाबा शंभर टक्के बरोबर आहेत. फक्त तू समाजसेवेबद्दल बोलतच नाहीयेस हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

आता तक्त्यातला रँकचा रकाना खोडून टाक. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या रँकिंगच्या यादीत विद्यापीठांची रँक असते, इंजिनीअरिंगची असते, मॅनेजमेंटची असते, पण सामाजिक शास्त्रांची वेगळी यादीच नाही. म्हणजे तू जो आकडा लिहिलायस त्यात त्या विद्यापीठाच्या केमिस्ट्रीच्या लॅबचं पण पुण्य आहे, त्याचा तुला काय उपयोग? त्या जागी दोन रकाने नवीन आख. एक, डिग्रीच्या कागदावर नेमकं काय छापून येणार. दोन, पेपर कोणत्या भाषेत लिहायचा. हे दोन लिहिलेस की अर्धा तक्ता आपोआप गळून पडेल बघ.

पहिल्या रकान्याचं सांगते, कारण याबद्दल कोणी बोलत नाही आणि नंतर पोरं डोक्याला हात लावून बसतात. तुला पुढे प्राध्यापक व्हायचं असेल (पत्रात लिहिलं नाहीस, हा आपला माझा अंदाज) तर नेट किंवा सेट द्यावी लागते आणि ती तुझ्या एमएच्या विषयात. नेटला सोशिऑलॉजी हा विषय आहे, सोशल वर्क आहे, विमेन स्टडीज आहे, पॉलिटिकल सायन्स आहे. डेव्हलपमेंट स्टडीज नावाचा वेगळा विषय नाही, ते अर्थशास्त्राच्या विषयात धरलंय. म्हणजे डेव्हलपमेंट स्टडीजचं एमए वाईट का, अजिबात नाही, एनजीओ, सरकारी प्रकल्प, रिसर्च संस्था इथे त्याला चांगली मागणी असते, पण उद्या सिनियर कॉलेजात समाजशास्त्राची जागा निघाली की मुलाखतीआधी कागद तपासतात आणि तिथे "संबंधित विषय" या दोन शब्दांवर सगळं अडतं. नेटला बसायला एमएला ५५ टक्के लागतात, ओबीसी नॉन-क्रिमीलेअरला ५०. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, निघाली तर महिन्याला ३७ हजार मिळतात. हा आकडा बाबांना सांगून ठेव, तुझ्या तत्त्वज्ञानापेक्षा जास्त काम करेल.

आता टिस. टिस १९३६ साली सोशल वर्क शिकवायलाच सुरू झाली, तेव्हा नावातच सोशल वर्क होतं, आत्ताचं नाव १९४४ चं. टिसच्या मुंबईतल्या देवनार कॅम्पसला एमएच्या नावांत बघशील तर सोशल वर्क, डेव्हलपमेंट स्टडीज, विमेन्स स्टडीज असं दिसेल. सोशल वर्क घेतलंस तर आठवड्यातले साधारण दोन दिवस फील्डवर्क असतं, म्हणजे खरंच बाहेर जायचं, बसायचं, ऐकायचं, रिपोर्ट लिहायचा, सुपरवायझरनं तो परत करायचा, तू परत लिहायचा. ज्यांना माणसांत बसायला आवडतं त्यांना हे दोन वर्षं सोनं वाटतात, आणि ज्यांना पुस्तकात रमायला आवडतं ते दुसऱ्या सेमिस्टरला रडतात, दोन्ही मी पाहिलेत. आणि एक गोष्ट तुझ्या तक्त्यात नाहीच्चे, टिसचा एक कॅम्पस तुळजापूरला आहे! औश्याहून एसटीत बसलीस तर दीडेक तासात. १९८० च्या दशकातला आहे, ग्रामीण विकासावर भर. पाचशे किलोमीटर लांबची नावं पाठ केलीस आणि आईच्या देवीच्या वाटेवरचं राहिलं. एकदा जाऊन बघून ये, दर्शनही होईल.

टिसची आधी स्वतःची परीक्षा असायची, टिसनेट. जुन्या सिनियरनं दिलेल्या टिसनेटच्या पुस्तकावर पैसे घालवू नकोस, २०२४ च्या प्रवेशापासून सीयूईटी पीजीचा, म्हणजे एमएसाठीच्या देशभरच्या सामायिक प्रवेश परीक्षेचा स्कोअर घेतात आणि त्यानंतर टिसचा स्वतःचा टप्पा, मुलाखत वगैरे.

सीयूईटी पीजी आलीच आहे तर ती एकदाच समजून घे, कारण जेएनयू, हैद्राबाद, दिल्ली विद्यापीठ, टिस या सगळ्यांचं पहिलं दार तेच. एनटीए ही केंद्राची परीक्षा घेणारी संस्था ती घेते, साधारण डिसेंबर-जानेवारीत फॉर्म आणि मार्चमध्ये परीक्षा, म्हणजे तुझ्या सहाव्या सेमिस्टरच्या तोंडावरच. ७५ प्रश्न, बरोबरला ४, चुकलं की १ वजा, एकूण ३००. वेळ दीड तास, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद, त्यामुळे विद्यापीठाच्या पेपरसारखं "प्रस्तावना" लिहीत बसायची सवय इथे उपयोगाची नाही. प्रश्न इंग्रजी आणि हिंदीत असतात, मराठीत नाही. बारावीनंतरच्या सीयूईटीला मराठी माध्यम मिळतं, पीजीला नाही, हे नीट वाच कारण यूट्यूबवर लोक दोन्हीची खिचडी करतात. आणि फॉर्म भरताना पेपर निवडायचा असतो, तिथे घाई करू नकोस. तुला हव्या असलेल्या प्रत्येक कोर्ससमोर कोणता पेपर चालतो ते त्या त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात बघ, मगच टिक कर. सोशिऑलॉजीचा पेपर देऊन आलीस आणि कोर्सला जनरल पेपर लागत होता असं झालं तर स्कोअर फ्रेम करून भिंतीवर लावायचा.

त्याहून मोठा घोळ दुसराच. सीयूईटीचा फॉर्म म्हणजे विद्यापीठाचा फॉर्म नव्हे. जेएनयूचं पोर्टल वेगळं, हैद्राबादचं वेगळं, दिल्लीचं वेगळं, टिसचं वेगळं, प्रत्येक ठिकाणी परत नोंदणी, परत फी, परत तोच फोटो परत वेगळ्या केबीमध्ये. माझ्या ओळखीतला एक मुलगा, हुशार, स्कोअर असा की कुठेही लागला असता, निकाल लागल्यावर आठ दिवस पेढे वाटत होता आणि मग मला फोन, "ताई, ॲडमिशनचा मेल कधी येतो?" अरे बाबा, कुठे अर्ज केला होतास? तर म्हणे सीयूईटीत विद्यापीठांची नावं टिक केली होती ना. तोवर दोन पोर्टल बंद झालेली. तिसऱ्याचा शेवटचा दिवस होता, सायबर कॅफेत बसून कसंबसं निभावलं. आता लागलाय मार्गी, पण त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

यातलं कोणतं? जेएनयूचं म्हणशील तर समाजशास्त्राच्या सेंटरचं नावच "सोशल सिस्टिम्स" असं आहे, तिथे थिअरी भरपूर, वाचन भरपूर, बीए कोणत्याही विषयातलं चालतं, साधारण ५० टक्के लागतात, तुझे आहेत. ट्यूशन फी वर्षाला दोन-तीनशे रुपयांच्या घरात, हो, वर्षाला, शून्य राहिला नाहीये. मेसचं बिल अर्थात वेगळं. दिल्ली विद्यापीठाचं तू तक्त्यात टाकलंच नाहीयेस कारण तुला वाटलं दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स म्हणजे फक्त अर्थशास्त्र (कोपऱ्यात लिहून खोडलेलं दिसतंय). त्याच आवारात समाजशास्त्राचा विभाग आहे, १९५९ साली एम. एन. श्रीनिवासांनी उभा केलेला, भूगोलही तिथेच. खोडलेलं परत लिही.

हैद्राबाद मला तुझ्यासाठी फार आवडतं. मराठवाड्यातून बघितलं तर पुण्याइतकंच जवळ, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतली माणसं शिकायला हैद्राबादलाच जायची, निजामाचं राज्य होतं म्हणून का होईना. १९७४ चं केंद्रीय विद्यापीठ, भलामोठा कॅम्पस, आणि मराठवाड्यातून गेलेल्या मुलीला दिल्लीसारखं एकदम परग्रहावर आल्यासारखं होत नाही. पण हे माझं मत झालं, दिल्लीत फुललेल्या मुलीही मी बघितल्यात.

मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग देशातला पहिला, १९१९ चा, पॅट्रिक गेडिस आणि नंतर घुर्ये. टीवायच्या पुस्तकातले घुर्ये, तेच. श्रीनिवास आणि ए. आर. देसाई त्यांचेच विद्यार्थी. इतिहास भारी आहे, पण मुंबईत राहण्याचा खर्च इतिहासातून भागत नाही, कोणी नातेवाईक असेल तरच.

पुणे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ सीयूईटीवर अवलंबून नाही, त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा असते, १०० मार्कांची, २० मार्कांचं सामान्य ज्ञान-तर्क वगैरे आणि ८० विषयाचं. फॉर्म उन्हाळ्यात निघतात, म्हणजे मार्चची सीयूईटी देऊन, परीक्षा आटपून याला बसता येतं, तेव्हा हा फॉर्म काहीही झालं तरी भरायचाच. समाजशास्त्र आहे, राज्यशास्त्राचा विभाग नावाजलेला, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र आहे, मानवशास्त्र आहे. आणि तुझ्या दुसऱ्या रकान्याचं उत्तर इथे आहे, सामाजिक शास्त्रांत पेपर मराठीत लिहिता येतो. वर्गात शिकवणं दोन्ही भाषांत मिसळून चालतं, पुस्तकं बहुतेक इंग्रजीच, पण लिहिताना आपली भाषा असली की माणूस निदान काय समजलंय ते तरी सांगू शकतो. हॉस्टेल सगळ्यांना मिळतंच असं नाही, मग कॉट बेसिस, डबा, किंवा मैत्रिणीच्या खोलीत "पॅरासाइट" म्हणून राहायचं, हा शब्द तिथे गेल्यावर पहिल्या आठवड्यात शिकशील. गोखले इन्स्टिट्यूट पण पुण्यातच, १९३० ची, नावात राज्यशास्त्र आहे पण तिथे अर्थशास्त्र शिकवतात, गणित सोडून दहावीनंतर पाच वर्षं झालेल्या मुलीनं तिकडे बघू नये. मानसशास्त्राचं पण तेच, बऱ्याच ठिकाणी बीएला मानसशास्त्रच मागतात. समाजशास्त्र त्या मानानं उदार, कोणालाही आत घेतं.

बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ तू शेवटी पेन्सिलीनं लिहिलंयस. खासगी आहे, फी बघून घाबरू नकोस, घरच्या उत्पन्नावर बघून फी माफ करतात, स्वतःची प्रवेश परीक्षा आणि मुलाखत. पण तिथे बहुतेक नावं डेव्हलपमेंट, एज्युकेशन अशी, म्हणजे वर नेटचं बोललो ते आठव.

आता कागद. तुझ्याकडे जे ओबीसीचं प्रमाणपत्र आहे ते राज्याच्या नमुन्यातलं असणार. जेएनयू, हैद्राबाद, टिस यांना केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी नॉन-क्रिमीलेअर लागतं आणि ते सहसा चालू आर्थिक वर्षाचं, म्हणजे १ एप्रिलनंतरचं मागतात. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का तेही बघून घे, राज्याची आणि केंद्राची यादी वेगळी असते. आणि वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी पण सांगते, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी हे प्रवर्ग आपल्या राज्याचे, दिल्लीच्या फॉर्मवर ते रकानेच नसतात. व्हीजेएनटीतल्या बऱ्याच जाती केंद्रात ओबीसीत मोडतात. मराठा मुलामुलींना केंद्रात एसईबीसी चालत नाही, पण अटीत बसत असतील तर ईडब्ल्यूएस घेता येतं, उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि शेती ५ एकरांपेक्षा कमी. सेतूत गेल्यावर नुसतं "नॉन-क्रिमीलेअर द्या" म्हणू नकोस, "केंद्राच्या नमुन्यातलं द्या" असं म्हण, दोनदा म्हण, पावतीवर बघ.

मायग्रेशन सर्टिफिकेटचं आत्ताच डोक्यात ठेव, विद्यापीठ बदललं की लागतंच. माझा स्वतःचा टीवायचा निकाल असा लटकला होता की एमएच्या ॲडमिशनच्या शेवटच्या दिवशी मी एका विद्यापीठाच्या खिडकीसमोर गॅझेटच्या पानाची झेरॉक्स घेऊन उभी, आत एक साहेब डबा खात होते, म्हणाले जेवण झालं की बघू, आणि जेवण झाल्यावर ते चहाला गेले. तुम्हाला आता निकाल नसला तरी तात्पुरता प्रवेश देतात, अमुक तारखेपर्यंत मार्कशीट आणा म्हणतात. ती तारीख मोबाइलवर नको, भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिही.

इंग्रजी. लातूर पॅटर्नच्या त्या सगळ्या क्लासेसच्या गल्लीत आर्ट्सवाल्या मुलीला कोणी विचारत नाही हे मला माहितीय, त्यामुळे क्लास शोधूच नकोस. एक शंभर पानी वही घे. डावीकडे टीवायच्या पुस्तकातला मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, खाली एक ओळ आपल्या गावातलं उदाहरण. सामाजिक स्तरीकरण, सोशल स्ट्रॅटिफिकेशन. परात्मता, एलिअनेशन. प्रमाणकशून्यता, ॲनॉमी. बघ, यातला अवघड शब्द कोणताय? प्रमाणकशून्यता ज्या मुलीनं पाठ केलं तिला ॲनॉमी काय अवघड! तुला विषयाचं इंग्रजी हवंय, ते दोन-तीनशे शब्दांचं आहे, विमानतळावरचं इंग्रजी नकोय. दिवसाला ५ शब्द केलेस तरी सीयूईटीपर्यंत पुरतात.

आणि आता ती कंसातली ओळ, जी तू सहज लिहून टाकलीस. मी ती तीनदा वाचली. १९९३ च्या भूकंपानंतर नवीन गावं बसवली तेव्हा घराचं माप जमिनीवरून ठरलं होतं, भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतवाले २५०, १ ते ७ हेक्टर ४००, त्याच्या वर ७५०. म्हणजे तुझ्या आजोबांच्या नावावर तेव्हा किती जमीन होती ते तुझ्या घराच्या भिंती सांगतायत. ३० वर्षांत जमिनी वाटल्या गेल्या, विकल्या गेल्या, साडेसातशेवाल्यांची पोरं पुण्यात डिलिव्हरी करत असतील, अडीचशेवाल्यांपैकी कोणीतरी मास्तर झालं असेल, आणि तरी नाव तेच चिकटलंय. स्तरीकरणावर तुझ्या टीवायच्या पुस्तकात जे प्रकरण आहे ते तू रोज शाळेत जाताना पायानं ओलांडलंयस. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात टिसची माणसं तुमच्या भागात काम करत होती, तेव्हा तुळजापूर किंवा देवनारच्या मुलाखतीत तू हे बोललीस तर समोरची माणसं पेन खाली ठेवून ऐकतील. "मला समाजासाठी काहीतरी करायचंय" हे वाक्य मात्र बोलू नकोस, ते दिवसभरात चाळीस जणांनी बोललेलं असतं.

म्हणून बेस्ट कोणतं याचं माझं उत्तर असं, तुझा कल मला पत्रावरून सोशल वर्कपेक्षा सोशिऑलॉजीकडे वाटतो, कारण गावाला मदत कशी करू असं तू कुठेच विचारलेलं नाहीस, लोक असं का म्हणतात ते मात्र लिहिलंयस. सीयूईटीचा सोशिऑलॉजीचा पेपर दे, हैद्राबाद आणि जेएनयू दोन्हीकडे अर्ज टाक, पुण्याचा फॉर्म हातचा ठेव. तुळजापूर बघून आल्यावर मन बदललं तर बदलू दे, पण त्यासाठी सीयूईटीचे फॉर्म निघायच्या आत जाऊन ये, म्हणजे पेपर निवडायला उशीर होणार नाही. बाबांना म्हणावं बीएड एमएनंतर पण करता येतं आणि एमपीएससीचं वय काही दोन वर्षांत पळून जात नाही, आणि समाजशास्त्र म्हणजे काय ते घराच्या मापावरून समजावून सांग, आजोबांच्या सातबाऱ्यापासून सुरुवात कर, त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहिती असेल.

तेवढं मला पण कळव, साडेसातशेवाल्यांच्या घरात भाऊवाटणी झाली तर त्या दोघांना आता गावात काय म्हणतात? पावणेचारशेवाले?